सतरंज्या उचलणाऱ्या नायिका

जगातल्या माणसांचे शहाण्यांनी पुष्कळ प्रकार पाडलेले आहेत. पण सार्वजनिक कार्याच्या बाजूने पाहिलं तर प्रकार दोनच : सतरंजीवर बसणारे आणि सतरंजी उचलणारे. व्यासपीठावर बसणारे हा तिसरा प्रकार आहे असं काहींना वाटतं, पण तो गैरसमज आहे. ते पहिल्याच प्रकारातले. फक्त त्यांची सतरंजी जरा उंचावर असते आणि तिला खुर्ची म्हणतात.

वाङ्मयाने आजवर बसणाऱ्यांचीच बाजू घेतली. सेतू बांधल्याचं वर्णन आहे. पण सेतू झाल्यावर उरलेले दगड कोणी आवरले आणि एवढ्या वानरसेनेची पानं कोणी उचलली, याबद्दल कविमंडळी चिडीचूप. खारीचं तेवढं नाव झालं, तेही तिने बांधकामाला वाळू आणली म्हणून. समारंभ आटोपल्यावर तिने किनारा झाडला असता, तर पाठीवर एक बोटदेखील उमटलं नसतं. आमच्या कादंबऱ्यांतल्या नायिकांचंही तेच. त्या प्रेमात पडतात, विहिरीत पडतात, क्वचित चळवळीत पडतात. पण हळदीकुंकू संपल्यावर मोरीत साठ कपबशा विसळत उभी असलेली नायिका मला तरी भेटलेली नाही.

अशी नायिका इंग्रजीत आहे. तिचं नाव मिल्ड्रेड लॅथबरी, आणि तिला जन्माला घालणाऱ्या बाईंचं नाव बार्बरा पिम. कादंबरी १९५२ सालची, नाव 'एक्सलंट विमेन'. या कादंबरीविषयी चार शब्द लिहायचं मी मनावर घेतलं आहे. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आमच्याकडे पुस्तक म्हणजे पासबुक नाहीतर चेकबुक, आणि समीक्षा म्हणजे ऑडिट. तेव्हा साहित्यातल्या जाणकारांनी या मजकुराकडे ऑडिटरच्या शेऱ्यासारखं पाहावं : वाचावा, सही करावी, आणि मनाला लावून घेऊ नये. शिवाय फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात उतरले, आपली भाषा शिकले, आणि त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलंही गेलं. तिकडचा माणूस इकडे येऊन हजारो ओव्या रचून गेला. इकडच्या कारकुनाने तिकडच्या एका कादंबरीवर चार ओळी खरडल्या तर फिटंफाट व्हायलाही अजून बराच अवकाश आहे.

पुस्तक माझ्या हाती आलं ते आमच्या शाखेतल्या वसईच्या बाईंकडून. बाई कर्जखात्याच्या टेबलावर बसतात. त्यांना दोन नाद आहेत, चर्चचं काम आणि वाचन. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लागले तरी लोक ती सिद्धी मानतात. बाई तेवढ्यात पुस्तकाचं पान उलटतात. शनिवारी संध्याकाळी वेदीवरची फुलं, रविवारी मिस्सा झाली की मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, पुढच्या रविवारी कोण वाचन करणार त्याची यादी, यादीतला एक आयत्या वेळी आजारी पडतो म्हणून दुसरी यादी, डिसेंबरात नाताळचा गोठा, सणाच्या दिवशी कुठल्या स्टॉलवर कोण याचा नकाशा. ख्रिस्ती माणूस रविवारी विश्रांती घेतो ही समजूत ज्याने कोणी पसरवली, त्याने बाईंचा रविवार पाहिलेला नाही.

"वाचा हो," पुस्तक देताना बाई म्हणाल्या. "आमच्याच धर्मग्रामाची गोष्ट आहे. माणसं तेवढी गोरी आहेत आणि चहात साखर कमी."

साखर कमी, हे अक्षरशः खरं आहे. गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमधली. तिकडे युद्ध १९४५ साली संपलं, पण रेशन पुरतं उठायला १९५४ साल उजाडलं. म्हणजे हिटलर गेला तरी रेशनकार्ड राहिलं. या काटकसरीच्या लंडनमध्ये, जरा उतरती कळा लागलेल्या वस्तीत, मिल्ड्रेड एकटी राहते. वय तिशीच्या किंचित पलीकडे. वडील धर्मगुरू होते, आईवडील दोघेही वारले. सकाळचा अर्धा दिवस, हलाखीत सापडलेल्या घरंदाज बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते, आणि उरलेला दिवस चर्चला देते. उशाशी पाककृतींची पुस्तकं ठेवते, कारण रेशनच्या दिवसांत स्वयंपाक करण्यापेक्षा वाचणं परवडतं. आपण जेन एअरसारख्या मुळीच नाही, असं ती सुरुवातीलाच सांगून टाकते. नायिकेने पहिल्याच प्रकरणात एवढा प्रांजळपणा दाखवला की वाचकाने बूट काढून आरामात बसायला हरकत नाही.

मराठी वाचकाला हे घर ओळखीचं वाटावं याला आणखी एक कारण आहे. मिल्ड्रेडची न्हाणीघराची सोय खालच्या बिऱ्हाडात आणि हिच्यात मिळून सामाईक आहे. तेव्हा खाली नवीन बिऱ्हाड येतं तेव्हा पहिला तात्त्विक प्रश्न उभा राहतो तो टॉयलेटच्या कागदाचा : तो आणायचा कोणी? ज्यांनी गिरगावातल्या चाळीत जिन्यातल्या दिव्याचा बल्ब कोणी आणायचा, यावर तीन पिढ्यांचं वैर पाहिलं आहे, त्यांना या प्रसंगाला तळटीप लागणार नाही.

आता कादंबरीच्या नावाचं पाहू. मराठीत काय म्हणावं? 'उत्कृष्ट स्त्रिया' म्हटलं की पशुप्रदर्शनातल्या बक्षिसाची आठवण होते. 'आदर्श महिला' म्हटलं की शाल, नारळ आणि उशिरा आलेले प्रमुख पाहुणे डोळ्यांपुढे येतात. मला विचाराल तर 'गुणाच्या बायका'. मुलगी पाहून आल्यावर मुलाकडची मंडळी जरा थांबून, दुसरीकडे बघत, "मुलगी गुणाची आहे हो," म्हणतात ना, त्यातला 'गुणाची'. त्या शब्दाने स्तुती होते आणि विषय संपतो. पिमबाईंच्या पुस्तकातले पुरुष हा शब्द नेमका त्याच सुरात वापरतात. गुणाच्या बायका चहा करायला, पत्ते लिहायला आणि रडगाणं ऐकून घ्यायला असतात. लग्न करायला जरा कमी गुणाच्या असलेल्या बऱ्या, असा एकूण पुरुषवर्गाचा अभिप्राय दिसतो.

कथानक सांगून पुस्तकाची मजा जात नाही, कारण मजा कथानकात ठेवलेलीच नाही. खालच्या मजल्यावर नेपियर दांपत्य येतं. बायको हेलेना मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे आफ्रिकेतल्या लोकांची नातीगोती बिनचूक सांगणारी आणि स्वतःच्या घरात भांडी न घासणारी. नवरा रॉकिंगहॅम नौदलातला. युद्धात इटलीत ॲडमिरलच्या हाताखाली होता आणि नौदलातल्या बायकांशी गोड बोलणं हीच त्याची मुख्य कामगिरी. (पिमबाई स्वतः युद्धात नौदलाच्या महिला दलातून नेपल्सला होत्या. तेव्हा हे वर्णन ऐकीव नसावं.) इकडे अविवाहित पाद्री जूलियन मॅलरी आणि त्याचं घर सांभाळणारी बहीण विनिफ्रेड. त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून एक देखणी विधवा येते, पाद्रीबुवांचं लग्न ठरतं, आणि मोडतं. नेपियर दांपत्याचंही मोडतं. निमित्त काय, तर बायकोने तापलेलं भांडं नवऱ्याच्या अक्रोडाच्या टेबलावर ठेवलं. हसू नका. माझ्या माहितीतलं एक घर इडलीपात्रावरून महिनाभर दोन चुलींवर जेवत होतं.

या सगळ्यांत मिल्ड्रेडचं काम काय? ज्याचं ज्याचं काही मोडतं, तो तिच्याकडे येऊन बसतो. ती चहा करते. नवरा सोडून गेलेली बायको तिच्या खोलीत, बायको सोडून गेलेला नवरा तिच्या खोलीत, पाद्र्याची बहीण रात्री भर पावसाची तिच्या खोलीत. फर्निचरच्या वाटणीची पत्रंसुद्धा तिनेच हाताळायची. आमच्या बँकेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं काय करायचं ते कोणालाच समजत नाही, ती त्यात टाकून ठेवतात. मिल्ड्रेड हे त्या वस्तीचं सस्पेन्स खातं आहे.

"पण यात घडतं काय?" असं आमच्या शाखेतल्या एका वाचकाने विचारलं. यात जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. वेदीवरच्या फुलांच्या मांडणीवरून बायकाबायकांत धुसफुस होते. बॉम्बने अर्धवट पडलेल्या एका चर्चमध्ये उपवासकाळात दुपारची प्रवचनं होतात. एकच बाजू शाबूत असल्यामुळे मूठभर श्रोत्यांचीही तिथे गर्दी दिसते. (आमच्या व्याख्यानमालांच्या चालकांनी हा उपाय लक्षात घेण्यासारखा आहे.) आणि चर्चच्या एका बैठकीत मिल्ड्रेडच्या तोंडून सहज निघून जातं की, दर वेळी चहा हवाच का? समोरची बाई किटलीवर हात ठेवून अशी गोंधळते, की देव आहे का असं कोणी विचारलं असतं तर ती इतकी हादरली नसती. मला वाटतं, सबंध पुस्तकातला सर्वांत स्फोटक प्रसंग हाच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला धर्मपीठाने निदान चौकशीला बोलावलं होतं. चहाच्या जरुरीबद्दल शंका काढणाऱ्या माणसाची कुठल्याही महिला मंडळात, भजनी मंडळात किंवा स्टाफ युनियनमध्ये चौकशीसुद्धा होत नाही. सरळ पुढच्या महिन्यापासून चहाचं काम त्याच्याकडे देतात.

पिमबाईंची कारागिरी कुठे आहे, ते एका घरच्या उदाहरणाने सांगतो. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला नारायण सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न कोणाचंही असो, राबतो नारायण, आणि वरात निघाल्यावर त्याची आठवण कोणाला नसते. तो आपल्याला दिसतो तो बाहेरून, लेखकाच्या मायेच्या नजरेतून. आता कल्पना करा, की तीच हकीकत नारायण स्वतः सांगतो आहे. पाहुण्यांच्या बॅगा मोजता मोजता त्याने मुलाच्या मामाचा स्वभाव ओळखलेला आहे, नवरीच्या मैत्रिणीकडे एकदा नीट पाहून घेतलं आहे, आणि आपल्याला हे लोक नारायण म्हणून नव्हे तर 'व्यवस्था' म्हणून हाका मारतात, हेही त्याला कळलेलं आहे. तरी तो बॅगा मोजतोच आहे. पिमबाईंनी हे केलं. राबणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी ट्रेबरोबर लेखणीही दिली. एकदा लेखणी हाती आली की दयेचा प्रश्न मिटतो. ट्रे घेऊन येणारी बाईच मग आपल्याकडे दयेने पाहू लागते.

आणि हे साधलं कशाने? मिल्ड्रेड वाचते म्हणून. वाचणारा स्वयंसेवक ही कुठल्याही संस्थेच्या दृष्टीने धोक्याची वस्तू आहे. न वाचणारा स्वयंसेवक थकला की चिडतो, चिडला की राजीनामा देतो, आणि राजीनामा नामंजूर झाला की पुन्हा सतरंजी उचलतो. वाचणारा चिडत नाही. तो पाहतो. अध्यक्षांच्या भाषणात त्याला कादंबरीतलं कोणीतरी आठवतं आणि तो मान खाली घालून कपबशा मोजत राहतो. वसईच्या बाईंच्या चेहऱ्यावर कर्जदाराशी बोलताना जे मंद हसू असतं, ते मी अनेक वर्षं सौजन्य समजत आलो. मिल्ड्रेड वाचल्यापासून मी त्यांच्याशी जरा जपूनच बोलतो.

लेखिकेचा स्वतःचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बार्बरा पिम १९१३ साली श्रॉपशरमधल्या ऑस्वेस्ट्री गावी जन्मल्या. वडील वकील, आई गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. ऑक्सफर्डला इंग्रजी शिकल्या. पुढे लंडनच्या इंटरनॅशनल आफ्रिकन इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ पर्यंत नोकरी केली. तिथल्या 'आफ्रिका' नावाच्या नियतकालिकाच्या त्या साहाय्यक संपादक होत्या. म्हणजे आयुष्याची पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांच्या विद्वत्तेतल्या चुका सुधारण्यात गेली. पुस्तकातला एव्हरार्ड बोन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ मिल्ड्रेडला शेवटी घरी जेवायला बोलावतो तेव्हा मांस तिनेच शिजवायचं असतं, आणि जेवणानंतर आपल्या ग्रंथाची प्रुफं तपासण्याचा आणि सूची करण्याचा मान तो तिला देऊ करतो. ही लबाडी बाईंनी नोकरीत जवळून पाहिलेली दिसते. मराठी पुस्तकांना बहुधा सूची नसते. त्यामुळे मराठी मिल्ड्रेडचं निदान तेवढं एक काम वाचलं आहे.

१९५० ते १९६१ या काळात बाईंच्या सहा कादंबऱ्या निघाल्या. १९६३ साली सातवी पाठवली, आणि जोनाथन केप या त्यांच्या नेहमीच्या प्रकाशकाने ती साभार परत केली. कारण उघड होतं. जग बदललं होतं आणि पाद्र्याच्या घरचा चहा आता कोणाला नको होता. याच केपकडून याच १९६३ साली इयन फ्लेमिंगचा नवा जेम्स बॉण्ड बाहेर पडला. गंमत बघा, बॉण्ड आणि मिल्ड्रेड एकाच घरातली भावंडं! दोघेही सेवेतच. पण एकाच्या हातात पिस्तूल आणि दुसरीच्या हातात किटली. बॉण्ड काम उरकून निघून जातो. त्याने फोडलेल्या काचा कोण गोळा करतं, हे कुठल्याच बॉण्डपटात दाखवत नाहीत. कोणीतरी मिल्ड्रेडच करत असणार.

नंतर चौदा वर्षं एकही पुस्तक निघालं नाही. इतर प्रकाशकांनीही नकार दिले. बाई कचेरीत जात राहिल्या आणि लिहीत राहिल्या. हे वाक्य लिहायला सोपं आहे. छापायला कोणी नाही हे ठाऊक असताना संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कागद पुढे ओढायचा, आणि रडायचं नाही, उलट विनोदी लिहायचं, हे किती जणांना जमेल? चर्चमध्ये कोणी येवो न येवो, शनिवारी फुलं बदलणाऱ्या बाईंना जमेल. मला वाटतं, हे बळ त्याच तालमीतलं.

मग १९७७ च्या जानेवारीत 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ने काही नामवंतांना विचारलं, की गेल्या पाऊणशे वर्षांत कोणाचं नाव उगाच झालं आणि कोणाचं व्हायला हवं होतं ते राहिलं? कवी फिलिप लार्किन आणि लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनी, दुसऱ्या प्रश्नाला, बार्बरा पिम हे एकच नाव दिलं. हयात लेखकांपैकी असं दोनदा नाव आलं ते त्यांचंच. लार्किन हे हलच्या विद्यापीठात ग्रंथपाल होते. ग्रंथपाल हाही पुस्तकांच्या सतरंज्या उचलणाराच. त्यामुळे त्याने माणूस बरोबर ओळखला. त्याच वर्षी 'क्वार्टेट इन ऑटम' ही त्यांची कादंबरी निघाली आणि बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. त्या वर्षी परीक्षकांचे अध्यक्ष खुद्द लार्किन होते. तरी बक्षीस मिळालं पॉल स्कॉटच्या 'स्टेइंग ऑन'ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थानातच राहिलेल्या एका इंग्रज जोडप्याच्या गोष्टीला. आपल्याकडे परीक्षकांचा अध्यक्ष स्नेही निघूनही बक्षीस हुकलं असतं तर स्नेह राहिला नसता. इथे राहिला. बाई १९८० च्या जानेवारीत वारल्या, आणि ती परत आलेली सातवी कादंबरी १९८२ साली छापली गेली. एकोणीस वर्षांनी वटलेला चेक! आमच्याकडे तीन महिन्यांत शिळा होतो.

'क्वार्टेट इन ऑटम'मध्ये एकाच कचेरीतली चार माणसं निवृत्तीच्या कडेला आलेली आहेत. त्यांचं खातं नक्की काय काम करतं, हे कोणालाच नीट सांगता येत नाही आणि ती गेल्यावर त्यांच्या जागी कोणाला नेमायचंही नसतं. (बँकेतल्या माणसाने हे पुस्तक संध्याकाळच्या वेळी वाचू नये.) त्यातला एक गृहस्थ संतांच्या दिनांचं पंचांग पाहून या चर्चमधून त्या चर्चमध्ये जातो. आणि त्यातली लेटी नावाची बाई आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आलेली. पण आपल्यासारख्या एकट्या, वय होत चाललेल्या बाईची गोष्ट त्यांत कधी सापडेल ही आशा तिने सोडून दिलेली आहे. हे वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की पिमबाई कोणासाठी लिहीत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी वाचणाऱ्या माणसाला एकदा तरी स्वतःची गोष्ट वाचायला मिळावी, एवढीच त्यांची खटपट होती.

आता ऑडिटमधले आक्षेप. ते माझे नाहीत, वसईच्या बाईंचे आहेत, आणि वजनदार आहेत.

पहिला : "यात देव कुठे आहे?" चर्च आहे, धूप आहे, वेदी आहे, पण मिल्ड्रेड गुडघे टेकून मनापासून काही मागते असं फारसं दिसत नाही. मी म्हटलं, "बाई, देव यात आपल्या हेड ऑफिससारखा आहे. प्रत्यक्ष भेट कोणाची झालेली नाही, पण सगळी कामं त्याच्याच नावावर चालतात." बाई हसल्या, पण आक्षेप त्यांनी मागे घेतला नाही. श्रद्धेची तहान पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडलेली, पुढे स्वतः त्या वाटेने गेलेली, आणि तरी हसणं न सोडलेली ती बाई पिमबाईंच्या चहाच्या टेबलात मावली नसती.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. "मिल्ड्रेडला स्वतःची किटली दिसते. पण तिच्याकडे साफसफाईला येणारी मिसेस मॉरिस? ती फक्त हसवायला. सतरंजी उचलणारीच्याही खाली कोणीतरी केर काढणारी असते, तिच्या हातात लेखणी कोणी दिली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिमबाईंकडेही नाही. त्यांचं जग पाद्र्याच्या घरापासून सुरू होतं आणि ग्रंथालयाशी संपतं. त्याच्या मागच्या गल्लीत त्या फारशा जात नाहीत. हा शेरा ऑडिट रिपोर्टमध्ये राहील.

मात्र एक तिसरा आक्षेप शहाणे लोक घेतात तो मला मान्य नाही. ते म्हणतात, मिल्ड्रेडने 'नाही' म्हणायला हवं होतं. सगळे तिला वापरून घेतात आणि ती वापरू देते. शेवटी प्रुफं आणि सूची यांचं ओझं पुढ्यात दिसत असूनही ती हो म्हणते, हा पराभव नव्हे काय? (पुढल्या एका कादंबरीत उडत उडत कळतं, की तिने त्या मानववंशशास्त्रज्ञाशी लग्नही केलं. म्हणजे सूची पुरी झाली असावी.)

हे मी बाईंना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते पुस्तकाबद्दल नव्हतं. २०२० साली टाळेबंदीत चर्चं बंद झाली. बाई म्हणाल्या, "पहिला रविवार इतका बरा गेला म्हणून सांगू! यादी नाही, फुलं नाहीत, कोणाचा फोन नाही. एक पुस्तक सकाळी संपवलं, दुसरं संध्याकाळी. दुसरा रविवारही छान. पाचव्या रविवारी घरातल्या फोटोपुढची फुलं मी तीनदा काढून तीनदा मांडली. तेव्हा कळलं, चर्चला माझी गरज आहे असं मी समजत होते, पण गरज दोन्हीकडून होती." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणून काही सगळी कामं माझ्यावर टाकावीत असं नाही हं. ते वेगळं."

'ते वेगळं' या दोन शब्दांत पिमबाईंचं सगळं तत्त्वज्ञान आलं. काम हवं आहे, पण गृहीत धरलेलं नको आहे. आमच्या हिशेबशास्त्रात 'गुडविल' नावाची एक मत्ता असते. तिचा नियम मोठा चमत्कारिक आहे. धंद्याने स्वतःच्या घामाने कमावलेलं गुडविल ताळेबंदात दाखवता येत नाही. कोणी धंदा विकत घेतला आणि त्यापायी जास्त पैसे मोजले, तरच ते पुस्तकात येतं. म्हणजे मालक बदलेपर्यंत त्याची नोंद नाही. कुठल्याही चर्चचा, देवळाचा, वाचनालयाचा जमाखर्च काढून पाहा. मेणबत्त्या सापडतील, फुलांचे पैसे सापडतील, पंखा देणाऱ्याचं नाव तर पंख्यावरच सापडेल. फुलं मांडणारे हात सापडणार नाहीत. ते गुडविल आहे. बाई निघून गेल्यावर, चार रविवार वेदी ओकी दिसली, की मग त्याची किंमत निघते. पिमबाईंनी एवढंच केलं, की मालक बदलायची वाट न पाहता ही नोंद आधीच करून ठेवली. आमच्या शास्त्रात हे नियमबाह्य आहे. त्यांच्या शास्त्रात यालाच कादंबरी म्हणत असावेत.

पुस्तक वाचून झाल्यावर मी ते कव्हर घालून परत केलं. बाईंनी विचारलं, "मग? काय लिहिणार आहात?"

मी म्हटलं, "लिहिणार काय! पुस्तक गुणाचं आहे, एवढंच."

"अहो, तेवढं लिहू नका," बाई घाईघाईने म्हणाल्या. "एकदा गुणाचं म्हटलं, की त्यालाही कामाला लावतील."